पुण्याची गाडी, दिल्लीची थंडी

पुण्यात गाडीच्या डॅशबोर्डवर निळ्या पट्ट्याशेजारी जो लाल पट्टा असतो ना, तो निव्वळ शोभेचा! डिसेंबरात फार तर काच खाली करून ‘आहाहा, काय मस्त थंडी’ म्हणायचं आणि जवळचं अमृततुल्य गाठायचं. हीटर हवाय कुणाला?

गुरगावला (कागदोपत्री गुरुग्राम) बदली झाली आणि हा फंडा पहिल्याच जानेवारीत मोडीत निघाला. दिल्लीची थंडी हे प्रकरणच वेगळं, बॉस. १ जानेवारी २०२१ला सफदरजंगला पारा १.१ अंशावर उतरला होता. दर वर्षी इतकं होत नाही, पण पहाटेच्या चार-पाच अंशांचं इथे कुणाला नवल नाही.

आमची गाडी पुण्यात घेतलेली, सेकंडहँड. ट्रकवर चढून आमच्या मागोमाग आली. लाल पट्ट्यापर्यंत नॉब फिरवला, पंखा चारवर टाकला, तर हवा कशी? फ्रीजचं दार उघडल्यासारखी!

मी एकटा असतो तर जॅकेटावर जॅकेट चढवून निभावलं असतं. पण आई गेल्यावर बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे राहायला आले होते. वय ७४, त्यात दमा. दर पंधरा दिवसांनी सकाळी सातला दिल्लीतल्या हॉस्पिटलात हजेरी. कानटोपी, मफलर, वर शाल अशा अवतारात ते माझ्या शेजारी बसायचे आणि वाटभर खोकायचे. आतून काचेवर वाफ धरायची, समोर धुकं, रस्ता गायब. वाफ घालवायला खिडकी उघडावी तर गार वारा थेट त्यांच्या छातीवर. करायचं काय?

‘मला आपलं पुणंच बरं,’ ते एकदा म्हणाले आणि २६ जानेवारीचं तिकीट काढायला लावलं. तिथल्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहणार, या विचारानं मला झोप येईना.

गाडी एका चकाचक सर्व्हिस सेंटरला नेली. टाय लावलेल्या मुलानं पाच मिनिटांत निकाल दिला. डॅशबोर्डच्या मागचा हीटरचा छोटा रेडिएटर चोंदलाय, तो बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. अंदाजे खर्च अठरा हजार. मी ‘कळवतो’ म्हणालो आणि सटकलो.

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, ‘एक सांगू? सिग्नलला हवा जरा कोमट होते, हायवेला लागलास की परत गार. काटा बघितलास का?’

बाबांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं, हे इथे सांगायला हवं. काटा म्हणजे इंजिनच्या तापमानाचा. एनएच ४८वर वेग घेतला की तो खरंच ‘सी’कडे घसरत होता.

मग रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची शाळा भरली. गुरुजी प्लास्टिकच्या खुर्चीत, विद्यार्थी बॉनेटमध्ये. धडा पहिला : कारचा हीटर वेगळी उष्णता तयार करत नाही. इंजिन गार ठेवणारं कूलंट स्वतः तापतं, त्यातलं थोडं त्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. फुकटातली ऊब! (हीटर एसीसारखं पेट्रोल पितो म्हणून तो न लावणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

धडा दुसरा : इंजिन गार असताना कूलंटची पातळी बघ. ती खाली गेली की हीटरमध्ये हवा अडकते आणि तो आधी रुसतो. गरम इंजिनाचं झाकण मात्र चुकूनही उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. आमची पातळी बरोबर होती. नॉब फिरवला की आतली झडपही हलत होती.

धडा तिसरा, खरा. वीस मिनिटं गाडी फिरवून आणली, इंजिन बंद केलं आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन्ही नळ्यांना हात लावला. एक चटका देणारी आणि दुसरी गार असती, तर हीटर चोंदलाय ही शंका रास्त. आमच्या दोन्ही कोमट. म्हणजे हीटर बिचारा निर्दोष, इंजिनच तापत नव्हतं.

‘थर्मोस्टॅट,’ बाबा म्हणाले. ‘उघडा अडकलाय, नाहीतर नाहीच आहे.’

थर्मोस्टॅट म्हणजे कूलंटच्या वाटेवरची मेणाच्या जोरावर चालणारी झडप. इंजिन गार असेतो ती बंद. साधारण ८०-९० अंशांना मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट पुढच्या मोठ्या रेडिएटरकडे जातं. ती सदा उघडीच असेल तर हायवेवरचा वारा इंजिनला तापूच देत नाही.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं घर उघडलं आणि हसायलाच लागला. ‘साबजी, इसमें तो थर्मोस्टेट है ही नहीं!’ आधीच्या मालकाच्या काळात गाडी घाटात तापली असणार. फॅन, रेडिएटर तपासण्याऐवजी कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकला. काटा खाली, गिऱ्हाईक खूश. हा जुगाड आपल्याकडे सर्रास चालतो. पण गार इंजिन पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतंही. पुण्याच्या हवेत ते कळत नाही, दिल्लीची थंडी लगेच चुगली करते.

नवा थर्मोस्टॅट, गॅस्केट, ताजं कूलंट, मजुरी. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. त्यातही बाबांनी घासाघीस केली, शुद्ध मराठी वळणाच्या हिंदीत.

पुढच्या हॉस्पिटलवारीला दहाव्या मिनिटाला काटा मध्यावर आला आणि तिथेच थांबला. बाहेरची हवा आत येऊ दिली, हीटरसोबत एसीचं बटणही दाबलं. एसी हवेतला ओलावा शोषतो, काच लख्ख! बाबांनी शाल काढली, मग मफलर, मग कानटोपी. राजोकरीच्या पुढे तर चक्क स्वेटरची वरची दोन बटणं.

बराच वेळ ते काट्याकडे बघत होते. मग खिडकीबाहेर बघत, सहज विचारावं तसं म्हणाले, ‘तिकीट कॅन्सल केलं तर किती कापतात रे?’