आमच्या रक्ताचं काय झालं?

परवा आरोग्य-संशोधकांच्या एका कार्यशाळेत शिकवायला गेले होते. विषय भारदस्त: आपल्या संशोधनाचा समाजावर झालेला परिणाम कसा मोजायचा आणि लोकांना कसा सांगायचा.

उदाहरण गडचिरोलीचं घेतलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम, ४७ गावं तुलनेसाठी. तुलनेच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला आणि २०११ मध्ये 'आशां'मार्फत ही कल्पना देशभर गेली. मधे बारा वर्षं!

मग विचारलं, देशातले बालमृत्यू कमी झाले, त्यात यांचा वाटा किती? पोरं लगेच आकडेमोडीला लागली. पण त्याच काळात दवाखान्यातली बाळंतपणंही वाढली, त्याचं काय? सगळं श्रेय एकाच्या पदरात टाकता येत नाही. आशा ठरल्याप्रमाणे घरी जाते का, बाळाचं वजन करते का, धोक्याची खूण ओळखते का, हे मात्र मोजता येतं. तेवढंच सांगावं, आणि त्याला 'हातभार' म्हणावं.

इथवर मी अगदी रंगात आले होते. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या स्वतःच्या कामाचा परिणाम सांगा ना."

झालं!

फार वर्षांपूर्वी आम्ही एका गावात बायकांची बोटं टोचून हिमोग्लोबिन तपासलं होतं. ज्यांचं कमी निघालं त्यांना गोळ्या दिल्या, निबंध छापला, मला बढती मिळाली. पुढे दुसऱ्याच कामाला त्या गावी गेले तर एका बाईने ओळखलं. "आमचं रक्त नेलं होतं तुम्ही. त्याचं काय झालं?" मी काहीतरी पुटपुटले आणि जीपमध्ये बसले. गावाला एकत्र बसवून निष्कर्ष सांगायचं आमच्या मनातही आलं नव्हतं.

हे सगळं वर्गात सांगितलं. "मग गेलात का परत?" ती मुलगी. नाही.

दुपारच्या सरावात सगळ्यांना एक-एक पान लिहायचं होतं, मीही बसले. 'प्रिव्हॅलन्स'ला त्या बाईपुढे काय म्हणायचं, इथेच पाऊण तास गेला. शेवटी "ओट्यावर दहाजणी बसल्या, तर त्यांतल्या कितीजणी" असं लिहिलं. काल तिथल्या आशाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रविवारी या, बायका घरी असतात.