औलीचा बर्फ आणि हातचा एक दिवस

‘मला बर्फ बघायचाय आणि तोही फ्रीजमधला नाही!’ धाकट्याने जेवताना जाहीर केलं आणि आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत हिमालय अवतरला. आठवीतली लेक त्याच्याही पुढे. तिला बर्फ नुसता बघायचा नव्हता, त्यावरून घसरायचं होतं. स्कीइंग ही हिंदी सिनेमातल्या नायक-नायिकेने करायची गोष्ट, आपल्या पगारात बसणारी नव्हे, अशी माझी पक्की समजूत होती. गुलमर्ग आणि मनालीची विमानाची तिकिटं धरून बेरीज केली, तेव्हा ती समजूत आणखीच पक्की झाली.

मार्ग निघाला तो सासूबाईंमुळे. बद्रीनाथला जायची त्यांची फार वर्षांची इच्छा. मी म्हटलं, ‘आई, हिवाळ्यात बद्रीनाथाची दारं बंद असतात.’ त्या म्हणाल्या, ‘दारं बंद असली तरी त्याची पूजा काही बंद नसते. ती खाली जोशीमठाकडे होते.’ नकाशा उघडला, तर जोशीमठाच्या डोक्यावरच औली! उत्तराखंडातले स्कीइंगचे प्रसिद्ध उतार तिथलेच. हरिद्वारपर्यंत रेल्वे, पुढे मोटारीचा रस्ता. विमानाचा खर्च एकदम गळाला. २०२४च्या फेब्रुवारीचा पहिला आठवडा ठरला.

कॅलेंडरच्या पाठीवरचं गणित

ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. जाता-येता रेल्वे, हरिद्वारहून एका दमात जोशीमठ, औलीला तीन रात्री आणि परत. एकही दिवस वाया जाणार नव्हता. मी म्हटलं, ‘अहो, एक दिवस मोकळा ठेवू या. डोंगराचा रस्ता आहे.’ ह्यांचं उत्तर तयार होतं, ‘मोकळ्या दिवसाचंही हॉटेल आणि गाडीभाडं लागतंच.’ तेही खरंच होतं. तेवढ्यात सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, ‘अरे, बेरजेत हातचा धरला नाही तर उत्तर चुकतं. शाळेत शिकला होतास ना?’ औलीची एक रात्र कमी झाली आणि हातचा एक दिवस हिशेबात आला.

पाच प्रयागांचा रस्ता

हृषीकेशहून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. आकडा मुंबई-नाशिक-शिर्डीसारखा वाटतो, पण घाटात तो दिवसभर पुरतो. आम्ही हरिद्वारहून टॅक्सी केली आणि रुद्रप्रयागला मुक्काम ठेवून प्रवास दोन दिवसांत विभागला. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा भेटतात आणि पुढे त्यांची गंगा होते. पावसाळ्यात गढूळ असणारं ते पाणी हिवाळ्यात हिरवंगार, काचेसारखं दिसतं. रुद्रप्रयागला मंदाकिनी येऊन मिळते, कर्णप्रयागला पिंडर, नंदप्रयागला नंदाकिनी आणि जोशीमठाच्या पायथ्याशी विष्णुप्रयागला धौलीगंगा. आमच्या मुलांचा भूगोल त्या दोन दिवसांत जितका झाला, तितका शाळेत वर्षभरात झाला नसेल. रुद्रप्रयागच्या मुक्कामी जिम कॉर्बेटने १९२६ साली मारलेल्या नरभक्षक बिबट्याची गोष्ट ह्यांनी सांगितली आणि रात्री धाकट्याला बाथरूमला न्यायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं.

आमचे सारथी गढवाली गृहस्थ, मोजकंच बोलणारे. दुसऱ्या दिवशी सकाळी सावलीतल्या एका वळणावर त्यांनी गाडी अगदी बैलगाडीसारखी हळू केली. म्हणाले, ‘आगे पाला है।’ लेकीने खिडकीतून मान बाहेर काढली, ‘कुठाय पाला? एक पान नाही दिसत!’ त्यांच्या बोलीत पाला म्हणजे रात्रीत गोठलेलं दहिवर. डांबरावर काचेसारखा पातळ थर बसतो, तो डोळ्यांना दिसत नाही आणि ब्रेक मारला की गाडी सरळ दरीकडे निघते. डोंगराच्या ज्या बाजूला ऊन उशिरा पोहोचतं, तिथे हा थर दुपारपर्यंत टिकतो. म्हणून हिवाळ्यात ह्या रस्त्याला फार पहाटे निघायचं नाही आणि अंधार पडल्यावर थांबायचं नाव काढायचं, हा त्यांचा नियम.

पिंपळकोटीची दुपार

पिंपळकोटीला जेवायला थांबलो तेव्हा आभाळ राखाडी झालं होतं. वरून येणाऱ्या गाड्यांच्या टपांवर चार बोटं बर्फ होता. मुलं नाचायला लागली. सारथ्यांनी मात्र वरून आलेल्या दोघा-तिघांशी बोलून गाडीची किल्ली खिशात टाकली. ‘आज आगे नहीं जाएँगे।’

इथून जोशीमठ फक्त पस्तीसेक किलोमीटर. औलीच्या त्या रात्रीच्या खोलीचे पैसे आधीच भरलेले आणि ते परत मिळणार नव्हते. ह्यांचा आवाज चढला, ‘दोन तासांचा तर रस्ता. बाकीच्या गाड्या जातायत की!’ सारथी शांतपणे म्हणाले, ‘साहब, कमरे का पैसा फिर कमा लोगे।’ टेबलावर सगळे गप्प झाले. सासूबाईंनी ताटातला शेवटचा घास संपवला आणि म्हणाल्या, ‘हा रस्ता त्यांचा आहे, आपला नाही. त्यांचं ऐक. हातचा कशासाठी धरलाय मग?’

आम्ही पिंपळकोटीला राहिलो. पत्ते खेळलो, मॅगी खाल्ली आणि रात्री अंगणात भुरभुरलेला पहिला बर्फ मुलांनी हातात धरला. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर निघालो, तर हेलंगच्या पुढे एक मोटार डोंगराकडच्या गटारात तोंड खुपसून कलंडलेली दिसली. आतली माणसं सुखरूप होती, टपरीत चहा पीत बसली होती. घसरली ती डोंगराच्या बाजूला घसरली म्हणून. दुसऱ्या बाजूला अलकनंदेची दरी होती. ह्यांनी तिकडे पाहिलं आणि जोशीमठ येईपर्यंत एक अक्षर काढलं नाही.

भिंतीवरच्या भेगा

जोशीमठ साधारण सहा हजार फुटांवर आहे. जानेवारी २०२३मध्ये हे गाव खचू लागल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या. आठशेहून अधिक इमारतींना तडे गेले, अनेक कुटुंबांना घरं सोडावी लागली. गाव जुन्या दरडींच्या मातीवर वसलंय, इथे जड बांधकाम नको, असा इशारा सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ सालीच दिला होता. जिथे आम्ही बूट आणि जाकिटं भाड्याने घेतली, त्या दुकानाच्या भिंतीवर सिमेंटने बुजवलेली लांब भेग होती. अशा गावात मजा करायला यावं का, हे मी दुकानातल्या बाईंना विचारलंच. त्या जाकिटाची चेन तपासत म्हणाल्या, ‘आइए, पर आराम से आइए।’ आम्ही मग गावात आणि औलीला मोठी हॉटेलं टाळून छोट्या घरगुती ठिकाणी राहिलो.

जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा रोपवे जानेवारी २०२३मध्ये बंद करण्यात आला. त्यामुळे चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक जीपने रस्त्यानेच वर गेलो.

पडायचं कसं, हे आधी!

औलीचे उतार अडीच ते तीन हजार मीटर उंचीवर आहेत. समोर ७,८१६ मीटर उंचीचं नंदादेवी शिखर, डावीकडे-उजवीकडे पर्वतांची रांग. त्यातला एक द्रोणागिरी. सासूबाईंनी हात जोडले. उरणच्या द्रोणागिरीशीही हीच गोष्ट जोडलेली, हे त्यांना ठाऊक होतं. पण इथल्या द्रोणागिरी गावातले लोक पर्वत उचलून नेल्याबद्दल मारुतीवर अजून रुसलेले आहेत आणि त्याची पूजा करत नाहीत, हे ऐकून त्या हसू लागल्या.

आम्ही चौघांत मिळून एक प्रशिक्षक केला. त्याने आधी शिकवलं ते पडायला. मागे नाही, पुढे नाही, कुशीवर पडायचं. मग उठायचं कसं ते. मग आडव्या पावलांनी चढ चढायचा. सगळ्यांत शेवटी घसरणं. पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब केली की वेग कमी होतो. हा एक ब्रेक जमला की निम्मं स्कीइंग आलं. लेक पंधरा-वीस वेळा पडली आणि दुपारी चारच्या सुमारास न पडता खालपर्यंत आली. हे तिच्या मागोमाग आले ते बसूनच. सासूबाई खुर्चीत शाल लपेटून चहा पीत होत्या. म्हणाल्या, ‘लहानपणी चालायला शिकला तेव्हाही असाच बसून बसून आला होता.’

दोन दिवसांत आपण स्कीपटू होत नाही, हे खरं. नीट शिकायचं तर गढवाल मंडल विकास निगमच्या सात आणि चौदा दिवसांच्या वर्गांची चौकशी करावी. पण भीती जायला दोन दिवस पुरतात.

परतताना जोशीमठच्या नरसिंह मंदिरात गेलो. बद्रीनाथ बंद झाल्यावर शंकराचार्यांची गादी इथे आणतात. मूर्तीचा एक हात बारीक होत चाललाय, तो गळून पडला की बद्रीनाथची वाट कायमची बंद होईल, अशी इथली श्रद्धा आहे. बाहेर भेगा पाहून आल्यावर ती गोष्ट नुसती कथा वाटत नाही. सासूबाई बराच वेळ आत उभ्या होत्या. बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, ‘झालं माझं बद्री.’

जाणार असाल तर

• जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी हा सर्वांत भरवशाचा काळ. तरीही बर्फाची हमी नाही. २०११च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा जिथे झाल्या, त्याच औलीतल्या फेब्रुवारी २०२३च्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फाअभावी रद्द झाल्या. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून बर्फ, रस्ता आणि रोपवे तिन्हींची चौकशी करा.

• बचत करा ती इथे: विमानाऐवजी रेल्वे, वाटेत निगमची विश्रामगृहं, स्कीचं सामान आणि कपडे भाड्याने, प्रशिक्षक सर्वांत मिळून एक.

• बचत करू नका ती इथे: पहाडातला अनुभवी ड्रायव्हर, साखळ्या लावलेली जीप, मापाचे बूट आणि शक्य असेल तर रद्द केल्यावर पैसे परत मिळणारी खोली.

• लोकरीचे मोजे, पाण्याने न भिजणारे हातमोजे, काळा चष्मा आणि उन्हाचं क्रीम घरूनच न्या. सुती मोजे ओले झाले की पाय गारठतात. रोख पैसे जवळ ठेवा. ज्येष्ठांना नेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

घरी आल्यावर ह्यांनी कॅलेंडरच्या पाठीवरचा हिशेब पुन्हा काढला. औलीची वाया गेलेली रात्र, पिंपळकोटीची जादा खोली आणि गाडीचा एक दिवस धरून खर्च ठरल्यापेक्षा थोडा वाढला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी त्या आकड्यांपुढे पेन्सिलीने लिहिलं, ‘हातचा’, आणि कागद घडी करून कपाटात ठेवून दिला.