पुरसा

कुणाच्या घरी मय्यत झाली की तीन दिवसांत तिथं जाऊन यायचं, चार शब्द बोलायचे, याला आमच्याकडं पुरसा देणं म्हणतात. शब्द फारसीतून आलेला. पुरसीदन म्हणजे विचारणं. म्हणजे पुरसा द्यायला जाणाऱ्यानं खरं तर काही सांगायचं नसतं, विचारायचं असतं. प्रत्यक्षात आपण काय करतो? जातो, चटईच्या कडेला बसतो, 'अल्ला की मर्जी' म्हणतो, 'सब्र करो' म्हणतो, पाणी पितो आणि उठतो. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरानं काही बोलायच्या आत आपलं बोलणं संपलेलं असतं.

मराठीही या बाबतीत काही कमी नाही. माणूस मेला असं कुणी म्हणत नाही. वारला, गेला, देवाज्ञा झाली. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. कुंकू पुसलं नाही, वाढवलं. आमच्याकडं इंतकाल झाला, गुजर गये. या शब्दांमागं माया आहे, हे मला मान्य आहे. पण शब्दांवर एवढी पांघरुणं घातली की खाली काय आहे ते विचारायचं धाडस कुणाला होत नाही.

सब्र या शब्दाची तर आपण फारच ओढाताण केली आहे. आपल्याकडं सब्र म्हणजे गप्प बसणं, डोळ्यांतून पाणी न काढणं. ज्यांनी 'सब्रे जमील' म्हटलं ते हजरत याकूब मुलाच्या, यूसुफच्या, दुःखानं इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले, हेही त्याच कुरआनात आहे. पैगंबरसाहेबांच्या मांडीवर त्यांचा लहानगा इब्राहिम गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून सोबतच्यांना नवल वाटलं, तेव्हा ही रहमत आहे असं त्यांनी सांगितलं. ज्या वर्षी बीबी खदीजा आणि चुलते अबू तालिब गेले, त्या वर्षाला इतिहासात दुःखाचं वर्ष असंच नाव पडलं. ऊर बडवून आक्रोश करू नये, एवढंच सांगितलेलं आहे. रडू नये, बोलू नये असं कुठं आहे?

हे सगळं मी पुस्तकं वाचून सांगते आहे. माझ्या अम्मीला पुस्तकं ठाऊक नव्हती, तिला लोकांचे हात ठाऊक होते. आम्ही घोडेगावचे मणेर. अम्मी बांगड्यांची पेटी घेऊन आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेच्या वाड्यावस्त्यांवर जायची. डिंभ्यापर्यंत एसटी, पुढं मिळेल ती जीप, नाहीतर पायी. तिकडं महादेव कोळ्यांची वस्ती. भात, नाचणी, वरई पिकवायची आणि हंगामात हिरडा गोळा करून विकायचा, यावर घरं चालायची. त्यामुळं बांगड्यांचा व्यवहारही उधारीचा. हिरड्याचे पैसे आले की द्यायचे. अम्मीला लिहिता येत नव्हतं. वही मी लिहायची. कुणाची किती उधारी, हे ती मला हातावरून सांगायची. 'वह जाड़े हाथवाली', 'वह अढाई की चूड़ीवाली'. मी पुढं शिक्षिका झाले. माझा हिशेब पक्का झाला तो त्या वहीवर.

बायकांचा हात हातात घेऊन बांगड्या भरताना माणूस काय काय ऐकतो, हे मणेराच्या घरात जन्मलेल्यालाच कळेल. हात दाबला जातो, जरा दुखतं, आणि त्या दुखण्याच्या निमित्तानं दुसरंच दुखणं बाहेर येतं. धरणात गेलेल्या घराचं, जगलं नाही त्या बाळाचं. आमच्या तालुक्याला ज्या आंबेगावाचं नाव आहे ते जुनं आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. अम्मी तिथल्या ओट्यांवर बसलेली होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जीपमधून ती बोट करून दाखवायची, इथं अमकीचं दार होतं.

२०१४ साली रमजान ईद २९ जुलैला आली. मंगळवार होता. पाऊस इतका की नमाजला गेलेली माणसं भिजूनच परतली. दुसऱ्या दिवशी बासी ईद. सकाळी आम्ही उरलेला शीरखुर्मा गरम करत होतो. दोन दिवसांवर नागपंचमी होती, म्हणून अम्मी आदल्या आठवड्यातच पंचाहत्तरीच्या पायांनी वर जाऊन पंचमीच्या हिरव्या बांगड्या भरून आली होती. दुपारी बातमी कळली. माळीणवर डोंगर आला. नेहमीच्या फेरीला गेलेल्या एसटीच्या चालकाला गाव जिथं असायचं तिथं दिसलंच नाही. त्याच्यामुळं बाहेरच्या जगाला कळलं. पुढं आठवडाभर एनडीआरएफची माणसं पावसात चिखल उपसत होती. १५१ माणसं गेली. शाळेची इमारत तेवढी उभी राहिली.

शीरखुर्म्याचं पातेलं त्या दिवशी तसंच राहिलं. अम्मीनं मला वही काढायला सांगितली. माळीणची पानं वाचून दाखव म्हणाली. मी नावं वाचत गेले आणि ती प्रत्येक नावाला फक्त 'हूं' म्हणत गेली.

पंधरा-वीस दिवसांनी रस्ता जरा सुरळीत झाल्यावर ती म्हणाली, चल. मी म्हटलं, आपण जाऊन काय करणार? तिथं मंत्री येऊन गेले, संस्था येऊन गेल्या, धान्य-कपड्यांचे ढीग लागलेत. ती म्हणाली, "वो मदद देने गये. मेरे को पुरसा देने जाना है." शिवाय एक गोष्ट तिच्या मनात होती. आपल्यात जनाज्याच्या वेळी घरचे लोक विचारतात, मय्यतचं कुणाचं देणं असेल तर सांगा. ज्याचं देणं असेल तो माफ करतो, नाहीतर घरचे फेडतात. तिथं तर विचारायला घरचे उरले नव्हते. म्हणून देणेकरी असलेल्यानंच जाऊन माफ केलं म्हणून सांगावं, असं तिचं म्हणणं. चहापावडर आणि साखरेचा पुडा घेऊन आम्ही निघालो.

जिच्याकडं गेलो त्या मावशी माळीणच्याच, पण त्यांची वाडी बाजूला, म्हणून वाचली. त्यांची लेक गावातच दिलेली होती. ती, जावई, दोन नातवंडं, सगळी गेली. मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला पाहून उठल्या नाहीत. अम्मी जवळ जाऊन बसली आणि सुपातले खडे वेचायला लागली. बराच वेळ दोघी तेच करत होत्या. मला अवघडल्यासारखं झालं. मग अम्मी तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "तुझ्या पोरीचा हात लई मऊ होता. सव्वादोनची बांगडी साबण न लावता जायची."

मावशींनी मान वर केली. म्हणाल्या, "किती गेली ते समद्यांनी इचारलं चाची. कागदावर पण लिहून नेलं. माझी लेक कशी व्हती, ते कुणी इचारलं न्हाई."

मग त्या बोलायला लागल्या. लेक भांडखोर होती म्हणाल्या. लहानपणी गुळासाठी चुलीमागं लपायची. भात लावणीला तिच्याइतका हात कुणाचा चालायचा नाही. धाकट्या नातवाला अजून र म्हणता येत नव्हता. मध्येच हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, चेहरा ओळखायजोगा नव्हता, हात तेवढा ओळखता आला. बांगड्या तुमच्याच होत्या.

मी अम्मीकडं पाहिलं. आता ही कोसळणार असं वाटलं. तिनं फक्त मावशींचा हात हातात घेतला, जसा बांगड्या भरताना घ्यायची तसा, आणि बोटं दाबत राहिली. 'सब्र करो' म्हणाली नाही.

निघताना उधारीचं निघालं. अम्मी म्हणाली, माझं काही येणं नाही, सगळं माफ. मावशी आत गेल्या आणि चाळीस रुपये घेऊन आल्या. लेकीच्या बांगड्यांचे. अम्मी नको म्हणाली. मावशी ऐकेनात. आणि अम्मीनं ते पैसे घेतले! मोजून घेतले, कनवटीला लावले. जीपमध्ये मी तिच्यावर चिडलेच. एवढं सगळं गेलेल्या बाईकडून चाळीस रुपये घ्यायचे? अम्मी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उसको बेटी के वास्ते आखरी कुछ करना था. वो भी करने नई देती क्या?" यावर आमचं एकमत झालं नाही, आणि पुढं चार वर्षांनी ती गेली तोवर झालं नाही. पण आता ते चाळीस रुपये माझ्या मनातून जात नाहीत.

नवं माळीण आमडे गावाच्या हद्दीत उभं राहिलं. २ एप्रिल २०१७ला घरं ताब्यात दिली, आणि पहिल्याच पावसात, जूनमध्ये, भरावाची माती खचली, रस्त्यांना भेगा पडल्या. माणसं पुन्हा रात्र-रात्र जागी राहिली. मावशी म्हणाल्या, घर पक्कं आहे, झोप कच्ची आहे. महाडजवळ तळीयेला २२ जुलै २०२१ला दरड कोसळली, इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३च्या रात्री. इरशाळवाडीला २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं ढिगाऱ्यातच सोडून शोध थांबवावा लागला. दर वेळी माळीणचे फोन वाजतात. तुम्हाला काय वाटतं, असं वार्ताहर विचारतात. मावशींचा नातू फोन उचलून 'आजी शेतावर गेलीय' म्हणून सांगतो.

माझे शौहर जुन्नरचे. शिवनेरी ज्या अंगणातून दिसतो तिथं वाढलेले, गणिताचे शिक्षक, मितभाषी. एप्रिल २०२१मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, पुण्यातल्या एका खासगी दवाखान्यात नऊ दिवस होते. नवव्या रात्री गेले. जुन्नरच्या कब्रस्तानात मोजक्या माणसांनी मिट्टी दिली. गुसल नाही, चेहरा पाहणं नाही. मी घरात, मुलगा दूर उभा.

त्यानंतर इद्दतचे चार महिने दहा दिवस. एरवी इद्दतमध्ये बायका येऊन बसतात, घर भरलेलं असतं. त्या वर्षी कुणी येण्याचा प्रश्नच नव्हता. मोबाईलवर 'इन्ना लिल्लाही' दोनशेच्या वर आले असतील, बहुतेक एकच मजकूर पुढं ढकललेला. राग नाही. त्या महिन्यात प्रत्येकाच्या यादीत आठ-दहा मयती होत्या, कोण किती लिहिणार? फोनही यायचे, पण ते कागदपत्रांचे. दाखला मिळाला का, विमा होता का. पुढं पन्नास हजारांच्या सरकारी साहाय्याचे. मी सगळ्यांना व्यवस्थित उत्तरं द्यायची. माझा मुलगा घरातच बसून कंपनीचं काम करायचा. आम्ही दोघं भाजीबद्दल बोलायचो, लसीबद्दल बोलायचो. त्याच्या अब्बांचं नाव दोघांच्याही तोंडून निघत नव्हतं.

मे संपता संपता एका संध्याकाळी अनोळखी नंबर आला. मावशी. नातवाच्या फोनवरून. "बाई, सर गेल्याचं आज कळलं," एवढं बोलून थांबल्या. रेंज गेली असं वाटलं. मग विचारलं, "त्यांना खायला काय आवडायचं?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, मसाल्याची आमटी आणि बाजरीची भाकरी, ईदच्या दिवशीसुद्धा. मग शेवटचं बोलणं काय झालं ते विचारलं. तेही कुणी विचारलं नव्हतं, विचारू नये असाच सगळ्यांचा समज. मी सांगितलं. व्हिडिओ कॉलवर त्यांनी ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला करून विचारलं होतं, मोटर बंद केलीस का, टाकी वाहत असेल. बस. तीस वर्षांच्या संसाराचं शेवटचं वाक्य पाण्याच्या टाकीबद्दल. मावशी म्हणाल्या, "मग, केली व्हती का बंद?" मला हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग सगळंच फुटलं. त्या फोन धरून बसल्या. मध्ये मध्ये 'व्हय बाई' एवढंच. स्वयंपाकघराच्या दारात मुलगा येऊन उभा राहिल्याचं मला उशिरा दिसलं.

आपल्याकडं मनाच्या दुखण्यासाठी डॉक्टरांकडं जायला लोक लाजतात. ज्याला गरज आहे त्यानं जावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घोडेगावसारख्या गावात असा डॉक्टर आठवड्यातून एकदाही मिळणं कठीण, ती गोष्ट वेगळी. पण माझ्यापुरतं सांगते, मला त्या वेळी सल्ला नको होता. माणसाबद्दल विचारणारं माणूस हवं होतं. तेही असं, की ज्याला ऐकून भीती वाटणार नाही. मावशींना कशाची भीती वाटणार होती?

इद्दत संपल्यावर, गणपती उठून गेल्यावर, मावशी स्वतः आल्या. वरईचं गाठोडं घेऊन. आता त्यांनाही नीट चालवत नाही. भिंतीवर फोटो नाही म्हणून त्यांनी सरांचा फोटो मागितला. मी मोबाईलमध्ये शोधत होते तोवर मुलगा आतून आला, त्यानं आपला फोन पुढं धरला आणि म्हणाला, आजी, माझ्याकडं त्यांचा आवाज आहे. मला हे माहीत नव्हतं. मार्चमधला निरोप होता, बारा-तेरा सेकंदांचा. येताना दही आण, आणि हेल्मेट घाल, तुझी आई मला बोलते.

मावशी कान देऊन ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "परत लाव."

त्यानं परत लावला.