ऊन पाण्याच्या गावी

सहलीचा विषय निघाला की आपल्या घरांत प्रथम लांबच्या स्थळांची नावे उच्चारली जातात. न्यूझीलंडातील रोटोरुआ पाहून आलेली मंडळी हल्ली आप्तेष्टांत सहज आढळतात; तेथील खदखदणारा चिखल, वाफेचे फवारे आणि माओरी लोकांचे नृत्यगायन यांची वर्णने आपण कौतुकाने ऐकतो. परंतु वालीव व त्याच्या आसपास राहणाऱ्या कुटुंबांस भूगर्भातील उष्णतेचे दर्शन घेण्यासाठी समुद्र ओलांडावयास नको. तानसा नदीच्या काठची वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील ऊन पाण्याची कुंडे वालीवपासून सुमारे तीस किलोमीटरांवर आहेत. सकाळी निघावे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, एवढाच हा प्रवास.

रोटोरुआची उष्णता ज्वालामुखीची आहे. आपली तशी नव्हे. कोकणातील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो केव्हाच थंड झाला. मात्र पावसाचे पाणी त्यातील भेगांतून खोल उतरते, जसजसे खाली जावे तसतसे तापते, आणि दुसऱ्या भेगेने वर येते. देवीने मारिलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजे हे ऊन पाणी, असे परंपरा सांगते. मुलांस दोन्ही गोष्टी सांगाव्यात. एकीने दुसरी खोटी ठरत नाही, कारण एक पाण्याविषयी सांगते व दुसरी माणसांच्या श्रद्धेविषयी.

जावयास थंडीचे दिवस उत्तम. नवरात्रात व चैत्री अमावास्येच्या यात्रेत गर्दी फार, तेव्हा वयोवृद्ध बरोबर असल्यास ते दिवस टाळावेत. महामार्गाने शिरसाड फाट्यापर्यंत जाऊन अंबाडीच्या रस्त्यास वळावे. पहाटेच निघून प्रथम अकलोलीची किंवा गणेशपुरीची कुंडे गाठावीत. सर्व कुंडांचे पाणी सारखे ऊन नसते, म्हणून हाताने अजमावून मगच मुलांस उतरवावे. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी वैद्यांचा सल्ला घेतल्यावाचून उतरू नये. इतरांनीही थोडक्यात आटोपावे. साबण घरीच ठेवावा. पावसाळ्यात तानसेच्या पात्रात कोणासही उतरू देऊ नये.

स्नानानंतर देवीचे दर्शन. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीस नवस केला होता, असे सांगतात. वसई १७३९ च्या मे महिन्यात मराठ्यांनी जिंकली व त्यानंतर हे देऊळ उभे राहिले. पायऱ्या बावन्न आहेत. आजीआजोबांसाठी सवड ठेवावी. गणेशपुरीस नित्यानंदांची समाधी आहे. ते १९६१ साली समाधिस्थ झाले. दुपारचे भोजन व घटकाभर विश्रांती तेथेच घ्यावी.

येथवर यादी झाली. पण यादीने प्रवास पुरा होत नाही. रोटोरुआहून आलेल्या मंडळीस तेथील माणसे आठवतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १० जून १८८६ रोजी तारावेरा पर्वताचा स्फोट झाला. त्या रात्री सोफिया हिनेरांगी या वाटाड्या स्त्रीच्या घरात साठांहून अधिक जीव वाचले. उद्ध्वस्त झालेले लोक व्हाकारेवारेवा येथे आपल्या आप्तांकडे आले, आणि वाटाड्याचे काम त्यांनी तेथे चालू ठेविले. आजही त्या गावात वस्ती आहे, वाफेवर अन्न शिजते, आणि गाव दाखवितात ते गावकरीच. पुढे शहरात विंधनविहिरींतून ऊन पाण्याचा अतोनात उपसा झाल्याने तेथील फवारे मंदावले. तेव्हा १९८० नंतरच्या दशकात सरकारने पोहुतू या फवाऱ्यापासून दीड किलोमीटरच्या आतील विहिरी बंद करविल्या, आणि झरे सावरले. पाहुण्याला तेथे प्रथम हे कळते की आपण कोणाच्या तरी अंगणात उभे आहोत.

तानसेच्या खोऱ्यातही अंगण कोणाचे तरी आहे. वारली, कातकरी, मल्हार कोळी हे येथील जुने रहिवासी. आपल्या वाटेवरच उसगाव लागते. याच टापूतील आदिवासींस वेठबिगारीतून सोडविण्याच्या लढ्यातून १९८२ साली श्रमजीवी संघटना जन्मास आली. वेठबिगारीबंदीचा कायदा १९७६ चा, म्हणजे कायदा होऊनही माणसे बांधलेलीच होती. ज्या रस्त्याने आपण स्नानास जातो त्याच्या दोहों बाजूंस हा इतिहास घडला, आणि तो आपल्या मुलांस ठाऊक नाही. माओरींची गाणी कौतुकाने ऐकणाऱ्या घरात कातकऱ्यांचे नावही निघू नये, हे विद्येला शोभत नाही.

म्हणून प्रवासाच्या सिद्धतेत आणखी एक गोष्ट असावी. वाटेत रानभाजी वा कंदमुळे विकणारी बाई भेटली तर घासाघीस न करता घ्यावी, आणि ते कसे शिजवावयाचे हे घरच्या स्त्रियांनी तिलाच विचारावे. विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र काढू नये. पाड्यावर बोलावणे आले तरच जावे, व गेल्यास पाहुण्यासारखे बसावे. मुलांनी तेथे "तुम्ही" म्हणावयास शिकले, तर त्या दिवसाचे सार्थक झाले. कुंडातील ऊब घरी येईतो उतरते. ही शिकवण टिकते.