खुंटीवरची माळ

मामा, तू गेलास तेव्हा गावानं एका ओळीत निकाल लावून टाकला: दारूनं खाल्ला त्याला. राख सावडताना तेच, दहाव्याला घाटावर तेच. कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, शेजारी एक बाटली ठेवा, बघा कसा येतोय. चारदोन माणसं हसली. आजीनं ते ऐकलं आणि पदर तोंडात कोंबला.

आज मला तुझ्याविषयी थोडं सावकाश बोलायचं आहे.

तू साच्यावरचा माणूस होतास, मागावर कापड विणणारा. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारा, आणि गिरणीत एकटा चार साचे सांभाळणारा. त्या खात्यातल्या आवाजानं तुझा एक कान कायमचा मंदावला होता, म्हणून तू सगळ्यांशी मोठ्यानं बोलायचास. गावी आलास की आईच्या नव्या लुगड्याचा काठ दोन बोटांत धरून डोळे मिटायचास. बोटांनाच कळायचं, कुठं दोरा तुटलाय आणि विणणाऱ्यानं तो कसा सावरलाय. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं त्याला अभिमान म्हणतात. नंतर ते मी तुझ्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नाही.

18 जानेवारी 1982. मुंबईच्या गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, त्यांत तू एक. त्या संपाची एक गोष्ट मला अजून अस्वस्थ करते. तो संपल्याचं रीतसर कुणी जाहीरच केलं नाही. घरात माणूस मेलं तर तेराव्याला सुतक फिटतं, शेजारीपाजारी येऊन बसतात, रडायला ठरलेले दिवस मिळतात. तुझ्या गिरणीचं सुतक फिटलंच नाही, कारण ती मेली असं सांगायला कुणी आलं नाही. आज भोंगा होईल, उद्या होईल, असं करत तू दोन दिवाळ्या काढल्यास आणि मग पत्र्याची ट्रंक घेऊन पाटणच्या एसटीतून उतरलास.

संप कुणामुळे फसला यावर पुढं खूप लिहिलं गेलं. कुणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना जबाबदार धरलं, कुणी मालकांना, कुणी सरकारला. गिरण्यांच्या जमिनींचे भाव, जुनाट झालेली यंत्रं, गावोगावचे यंत्रमाग, सगळ्यांचा हिशेब मांडून झाला. तू यातलं काही वाचलं नाहीस. तुझ्यापुरता तू तपास केव्हाच पुरा केला होतास आणि एकच आरोपी धरला होतास. मी लवकर कामावर परत गेलो असतो तर. मी सातवीनंतर शाळा सोडली नसती तर. मी आक्काच्या पाटल्या घेतल्या नसत्या तर.

त्या पाटल्या. संपाच्या पहिल्या पावसाळ्यात आईनं स्वतःहून काढून दिल्या होत्या, भावाची लेकरं उपाशी नकोत म्हणून. त्या गहाण पडल्या आणि सुटल्या नाहीत. आईनं पुन्हा विषय काढला नाही. तू मात्र रोज काढत राहिलास, आपल्याच मनाशी. मग भाऊबीज यायची. आई पाट मांडायची, रांगोळी काढायची, निरांजन तयार ठेवायची आणि दारात उभी राहायची. तू दिवे लागल्यावर यायचास, झोकांड्या खात. उंबऱ्याबाहेरूनच म्हणायचास, ‘आक्के, वाईच उशीर झाला गं.’ आई ओवाळायची, रडायची, आणि म्हणायची, आजच्या दिवशी तरी प्यायला नसतास. ताटात टाकायला तुझ्या खिशात काही नसायचं. त्या रिकाम्या हातानं शुद्धीत तिच्यासमोर बसणं तुला शक्यच नव्हतं. आमच्या दारापर्यंत यायचं बळ तुला दारूच देत होती. घरातल्या कुणालाही हे त्या काळी दिसलं नाही, आणि दिसलं असतं तरी ते बोलायला कुणाकडं शब्द नव्हते.

रात्री पाणंदीतून तुझ्या शिव्या ऐकू यायच्या. आम्ही पोरं गोधडीत कान लावून पडायचो, मामाचं कुणाशी तरी भांडण जुंपलंय असं वाटायचं. नालायक, हरामखोर, फुकट जन्माला आलास. एका रात्री त्या शिव्यांमध्ये तुझं स्वतःचं नाव ऐकलं. पाणंदीत दुसरं कुणीच नव्हतं.

हे मी फार वर्षं मनात वागवलं आहे. दारुड्याला लाज नसते असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मी ज्यांना जवळून पाहिलं त्यांच्याइतकी लाज मी कुणात पाहिली नाही. तीच तर सोसत नव्हती. गाव तुला जे बोललं, भावकी जे बोलली, त्याच्या कितीतरी पट अधिक कठोर तू स्वतःशी बोलत होतास, आणि तो आवाज बंद करायचा एकच उपाय तुला ठाऊक होता, गुत्त्यावरची मोसंबी. चार घोटांनी तो गप्प व्हायचा. पहाटे जागा व्हायचा तेव्हा त्याच्याकडं तुझ्याविरुद्ध एक पुरावा वाढलेला असायचा.

यात शरीराचाही भाग असतो, तो तुला कुणी समजावला नाही. दारू मेंदूला मंद करते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याला तोंड द्यायला आपली धाव वाढवून ठेवतो. रात्रीची दारू उतरली की ती वाढलेली धाव तेवढी मागं उरते. हात कापतात, घाम सुटतो, छातीत धडधडतं, काहीतरी भयंकर घडलंय आणि ते आपल्याच हातून घडलंय असं वाटत राहतं. तू अंगणात गुडघ्यांत डोकं घालून बसायचास त्या सकाळी आठव. त्यातलं निम्मं भय उतरत्या दारूचं होतं, मामा. तू मात्र सगळंच खरं मानलंस.

आणि नेमक्या त्याच घटकेला घरचे तुला शपथ घालायचे. पोराच्या डोक्यावर हात ठेव. आईच्या गळ्याची आण घे. तू घ्यायचास, अगदी मनापासून, डोळ्यांतून पाणी काढून. तिसऱ्या दिवशी मोडली की नुसता प्यायलेला नसायचास, पोराच्या जिवावर उठलेला बाप झालेला असायचास. एवढं ओझं घेऊन माणूस शुद्धीत कसा राहील?

एका कार्तिकीला तू आळंदीला जाऊन माळ घातलीस. आपल्या भागात कितीक घरं त्या माळेनं सावरली आहेत. तुझेही काही महिने सरळ गेले, तू काकड्याला जायचास, मामीनं त्या वर्षी घर शेणानं सारवून चुन्याचे पट्टे ओढले होते. मग माळ सुटली. पण सुटली कशी, ते मामीनं मला फार उशिरा सांगितलं. गुत्त्याकडं निघताना तू देवळीसमोर उभा राहिलास, माळ गळ्यातून काढलीस, कपाळाला लावलीस आणि खुंटीला अडकवलीस. ती बाटू नये म्हणून. ज्या माणसाला स्वतःची एवढी घृणा होती, त्याला तुळशीच्या मण्यांची एवढी जपणूक होती. पुन्हा ती गळ्यात घालायचं धाडस तुला झालं नाही, आणि कुणी उचलून घातलीही नाही.

परळच्या दामोदर हॉलमध्ये पाहिलेल्या ‘एकच प्याला’विषयी तू मला सांगायचास. नाटककार गडकरी 23 जानेवारी 1919 ला गेले आणि नाटक रंगमंचावर आलं ते त्यांच्या माघारी. लोकांना त्यातल्या तळीरामाच्या गमती आठवतात, सिंधूचे हाल आठवतात. तू मात्र वकील सुधाकरावर थांबायचास. भर कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद जाते, तिथं त्याला पहिला प्याला मिळतो. मग तो दारू सोडतो, प्रतिष्ठितांच्या दारी काम मागायला जातो, ते त्याला दारुडा म्हणून झिडकारतात आणि तो परत फिरतो. ‘त्यानं सोडली हुती,’ एवढंच म्हणून तू गप्प बसायचास. शंभर वर्षांपूर्वी गडकऱ्यांनी जखम कुठं आहे ते दाखवून ठेवलं होतं. आपण प्याले मोजत बसलो.

तुझं दुःख समजून घेताना मी मामीचं दुःख पुसणार नाही. तिच्या भुवईवरची खोक तुझ्याच हातची होती. तिनं शेतमजुरीवर दोन पोरं शिकवली, तुझी ओकारी काढली, तुझ्या पोटात पाणी झालं तेव्हा कऱ्हाडच्या दवाखान्यात फरशीवर झोपली. तुला वेदना होती म्हणून तिला लागलं नाही, असं होत नाही. दोन्ही गोष्टी एका घरात, एका चुलीशी घडल्या.

तू गावात खंगत होतास त्याच काळात, 1986 साली, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं होतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभं केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी हातभार लावलेलं. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे तिथं धरून चालत. स्वतः त्यातून बाहेर आलेली माणसंच पुढं तिथं इतरांना हात देऊ लागली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवातही अशीच, 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रनमध्ये दोन मद्यपी समोरासमोर बसून बोलले तिथून. आपल्याकडंही त्या संघटनेच्या सभांत माणूस उभा राहतो, नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, आणि कुणी त्याचा धिक्कार करत नाही. तुझ्या पाणंदीतल्या शिव्या ऐकून घेणारी, मलाही असंच वाटायचं रे म्हणणारी अशी एखादी सभा तुला मिळायला हवी होती. पाटणहून पुणं काही तासांवर होतं. तुला तिथं कुणी नेलं नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी असा एखादा मामा, भाऊ, बाप असेल, तर माझी कळकळीची विनंती आहे. सकाळी त्याला बोल लावू नका. तुम्ही म्हणणार ते सगळं तो स्वतःला म्हणून चुकलेला असतो. शपथ घालू नका. पुन्हा घसरला तर पुन्हा हात द्या. जवळ बसा आणि काय सलतंय ते विचारा, पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही, तरी विचारा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकाएकी तोडू नका, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. त्याला डॉक्टरकडं न्या. आणि त्याच्या बायकोशीही बोला, तिला सहसा कुणी विचारत नाही.