पिकअपचा हिशेब

२०१६ साली आंब्याच्या पेट्या वाशीला न्यायला भाईजाननं नवी पिकअप घ्यायचं ठरवलं. हिशेब आमच्याकडे आला. उर्दू शाळेत गणित शिकवतो ना आम्ही! वहीत रकाने आखले. २००५ साली आलेला टाटा एस, म्हणजे सर्वांचा 'छोटा हाथी', दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा. गल्लीबोळात झकास, पण भरल्या मालानिशी कशेडीचा घाट चढायचा तर जीव लहान. अशोक लेलँडची २०११ सालची दोस्त तीन सिलिंडरची, सव्वा टनाची. महिंद्राची बोलेरो पिकअप चार सिलिंडरची, अडीच लिटरची, मागे जाड पाटे. कागदावर निकाल लागला.

भाईजाननं वही मिटली. त्याची जुनी गाडी (कंपनीचं नाव नको) ऐन एप्रिलात घाटात क्लच जळून बसली होती. प्लेट मुंबईहून यायला तीन दिवस लागले. हंगामात दुसरी गाडी मिळेना. साठ पेट्या ताडपत्रीखाली पिकून गळाल्या, अम्मीच्या बांगड्या गहाण पडल्या. खरं सांगायचं तर त्या दिवशी माल दीडपट भरला होता. गाडीचा कसूर किती आणि आमचा किती, हे घरात अजून कुणी बोललेलं नाही.

भाईजान खेडच्या मिस्त्रीकडे गेला. "कुठल्या गाडीची क्लच प्लेट आजच्या आज मिळेल?" मिस्त्रीनं मागच्या फळीकडे बोट दाखवलं. तीच गाडी घेतली. आमच्या वहीत ती दुसऱ्या नंबरावर होती.

रात्री आम्ही आणखी एक रकाना आखला: 'सामान किती तासांत?'