अरुण सावंत : डोंगराच्या शाळेतले मास्तर

कल्याण-डोंबिवली, ठाण्याकडची डोंगरात जाणारी मंडळी १८ जानेवारी २०२० हा दिवस विसरणार नाहीत. त्या शनिवारी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर ज्येष्ठ गिर्यारोहक अरुण सावंत यांचा दरीत पडून अंत झाला. दोरावरून कडा उतरण्याची मोहीम होती, बरोबर तीसेक जणांचा चमू होता. संध्याकाळी ते दिसेनासे झाले आणि रविवारी त्यांचा मृतदेहच हाती लागला. वय साठ. सोबतची मंडळी मात्र सुखरूप परतली.

सावंतांच्या बरोबर दोर धरण्याचा योग आम्हाला कधी आला नाही. आम्ही साधी कारकुनी करणारी माणसे. आठवडाभर लोकलचे धक्के खायचे आणि सुट्टीच्या दिवशी वस्तीतली पोरे घेऊन मलंगगड, माहुली, येऊर असे जवळचे डोंगर धुंडाळायचे, एवढाच आमचा पराक्रम. पण डोंगरात कोणाशीही दोन शब्द बोललो, तरी सावंतांचे नाव निघतच असे. चाळीस वर्षे ते सह्याद्रीत वावरले. अकोले तालुक्यातील साम्रद गावाजवळची सांदण दरी भटक्यांच्या ओळखीची करून देण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. गावकऱ्यांना ती पिढ्यान्पिढ्या ठाऊक होती, हे खरेच. पण शहरातल्या पोराला तिथवर नेऊन सुखरूप परत आणायचे, तर वाट दाखविणारा माणूस लागतो. सावंत तसे होते. म्हणून त्यांच्या जाण्याने एक गिर्यारोहकच नव्हे, तर एक मास्तर गेला, असे आम्ही मानतो.

मुलांना मैदानात, रानात नेऊन शिकवावे, ही कल्पना तशी जुनी. १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बेडन पॉवेल यांनी वीस मुलांचे शिबिर भरविले. त्यात श्रीमंतांची मुले होती, तशी कामकऱ्यांचीही होती. तेथून स्काउट चळवळ जगभर पसरली. ती १९०९ साली भारतात आली, पण सुरुवातीला गोऱ्यांच्या आणि अँग्लो-इंडियनांच्या मुलांपुरतीच. ज्यांचा हा देश, त्यांच्याच मुलांना प्रवेश नाही! पुढे १९१६ साली ॲनी बेझंट यांनी मद्रासकडे आणि १९१८ साली मालवीय, कुंझरू, बाजपेयी यांनी अलाहाबादेत भारतीय मुलांसाठी वेगळी पथके काढली. स्वातंत्र्यानंतर १९५० साली ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही एक संघटना झाली. दारे बंद असणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. दार उघडले तरी आत नेणारा कोणी असावा लागतो, एवढेच आम्ही म्हणू.

तसे नेणारे मिळाले की काय होते, तेही आपण पाहिले. २०१४ च्या मे महिन्यात तेलंगणाची मालावत पूर्णा ही आदिवासी मुलगी चौदा वर्षेही पूर्ण नसताना एव्हरेस्टवर पोहोचली. २०१८ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी तेच शिखर गाठले. या मुलांच्या अंगात बळ आधीपासून होतेच. त्यांच्या हाती दोर देणारा आणि तो पकडायला शिकविणारा तेवढा भेटायचा होता.

आता आमच्या वस्तीकडे वळतो. सावंतांच्या निधनाची बातमी आली, तेव्हा फेब्रुवारीत माहुलीला जायचे ठरलेले होते. दुसऱ्याच दिवशी दोघी-तिघी आया आमच्याकडे आल्या. त्यातली एक धुणीभांडी करणारी माउली म्हणाली, “भाऊ, एवढा जाणता माणूस गेला, मग आमच्या पोरांचं काय? आमचं एकच पोरगं आहे.” प्रश्न रास्त होता. तिला हसून वेळ मारून नेणे आम्हाला शोभले नसते.

आम्ही त्यांना सांगितले, “ताई, कोकणकडा हे फार मोठ्या तयारीच्या लोकांचे काम. तुमच्या पोरांना आम्ही दोरावर लटकवणार नाही, पायवाटेने नेणार. पण तरीही तुमचे म्हणणे मान्य. आधी तुम्ही बघा, मग पाठवा.” पुढचे दोन रविवार मैदानातच भरले. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, बोलाइन या गाठी, शिट्टीच्या खुणा, मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधणे, हे सारे मुलांनी आयांच्या देखत केले. नियम लिहून काढले. पाच मुलांमागे एक मोठा माणूस. पायथ्याच्या गावातला वाटाड्या बरोबर. निघताना, माथ्यावर आणि उतरल्यावर मोजणी. पावसाळ्यात धबधब्याखाली कोणी जायचे नाही. उन्हे उतरण्याआधी पायथा गाठायचा. सर्वांत शेवटी चालणारा माणूस सर्वांत अनुभवी.

मग आया म्हणाल्या, “जा घेऊन.” आम्ही गेलो आणि मुले तशीच परत आणून आयांच्या ताब्यात दिली. पुढे मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि सारेच घरात बसले. पण त्या गाठी पोरे विसरली नाहीत. पुन्हा जाणे सुरू झाले, तेव्हा नववीतल्या एका मुलीने तिच्यापेक्षा मोठ्या मुलाला अडविले. “दादा, तुझी गाठ चुकली आहे, सोड आणि पुन्हा बांध,” असे ती ठामपणे म्हणाली. त्याने मुकाट्याने गाठ सोडली. जी मुलगी वर्गात उभी राहून बोलायला लाजत असे, ती चारचौघांत मोठ्याला चूक दाखविते, आणि तोही ऐकतो. शाळेच्या कोणत्याही प्रगतिपुस्तकात या विषयाला गुण नसतात.

म्हणून पालकांना आमचे सांगणे एवढेच. मुले डोंगरावर जाणार असतील, तर नेणाऱ्याला प्रश्न विचारा. वाट कोणती, बरोबर कोण, परत किती वाजता, औषधाची पेटी आहे का. जो या प्रश्नांनी चिडेल, त्याच्याबरोबर पाठवू नका. जो नीट बसून उत्तर देईल, त्याच्याबरोबर निर्धास्त पाठवा. आणि आमच्यासारख्या नेणाऱ्यांनीही ध्यानी ठेवावे, की चाळीस वर्षे डोंगरात घालविलेल्या माणसालाही कडा सवलत देत नाही.

अरुण सावंतांचे स्मारक दगडविटांचे नको. डोंगराची वाट सुटलेल्या पोराला कोणीतरी हाताला धरून नेले आणि संध्याकाळी त्याच्या आईच्या स्वाधीन केले, की ते उभे राहिलेच म्हणायचे. त्यांच्या स्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.